कुकरशी बोलणारी बाई

तीर्थरूप आई आणि बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर माझ्या त्या विनोदी स्किटचा विषय काढला की आई दुसरंच काहीतरी बोलायला लागते आणि बाबा "तब्येतीला जप" म्हणून फोन ठेवून देतात. म्हणून लिहिते आहे. गेल्या रविवारी बाबांनी हळूच सांगितलं, ते स्किट टीव्हीवर लागल्यापासून आई स्वयंपाकघरात गप्प असते. कढईशी बोलत नाही, कुकरला काही सांगत नाही. तेव्हापासून मला चैन नाही.

आई, त्या स्किटमधली कुकरशी बोलणारी बाई तूच होतीस. आधी तुला विचारायला हवं होतं, ते मी केलं नाही. पण ते कसं घडलं हे तुला कळायला हवं.

संहितेत ती बायको नवऱ्यावर नुसती ओरडत होती. तालमीत दोन दिवस ते काही केल्या रंगेना. मी आवाज चढवला की समोरचा कलाकारही चढवायचा, आणि बघणाऱ्यांच्या तोंडावरची रेघ हलायची नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंचावरचं सामान सांभाळणाऱ्या प्रॉपर्टीवाल्या दादांनी टेबलावर एक रिकामा कुकर आणून ठेवला. त्याच्याकडे बघितलं आणि मला आपलं घर दिसलं. सौद्यांचा हंगाम, रात्रीचे साडेनऊ, बाबा अजून मार्केट यार्डातून आलेले नाहीत, आणि तू गॅसपाशी उभी राहून कुकरला सांगतेयस, "थांब बाई, शिट्टी देऊ नकोस. मालकांचा हिशेब जुळायचाय अजून." बाबा आले तरी तू त्यांच्याशी बोलली नाहीस. हातातल्या झाकणाला म्हणालीस, "आले हो. आता वाढ म्हणतील." आणि बाबा पाय धुऊन निमूट पाटावर.

मी नवऱ्याकडे पाठ केली आणि पुढची सगळी वाक्यं कुकरला म्हटली. आवाज न चढवता. कोपऱ्यात उभ्या असलेल्या स्पॉटदादांना हसू आवरेना. मेकअपच्या ताई मात्र डोळे पुसत होत्या. दिग्दर्शक म्हणाले, हेच ठेवायचं.

लोक तुला हसले नाहीत गं. मी तिथे उभी होते, मी ऐकलंय. आमच्या कामात हशा कानांनी मोजावा लागतो. तो चढत असताना बोललं तर वाक्य बुडतं. पार विरेपर्यंत थांबलं तर स्किट पडतं. तो उतरायला लागला की त्या उतारावर पुढचं वाक्य सोडायचं. "आले हो" म्हटल्यावर आधी क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. मग मागच्या रांगांतल्या बायका हसल्या. पुरुषांचा हशा त्यांच्या मागून आला, जरा दबकत. त्या बायकांनी तुला ओळखलं होतं. त्यांच्याही घरात कुणीतरी भांड्यांशी बोलत असणार.

बाबा, तुम्ही विचारलंत की हे किती दिवस चालायचं. हा प्रश्न मला दुखवायला विचारलेला नाही, हे मला कळतं. अडतीवर तीस वर्षं दिवाणजी म्हणून काढलेला माणूस खतावणीत पुढचं पान बघणारच.

कार्यक्रम थांबतात, हे खरं आहे. 'चला हवा येऊ द्या' २०१४ मध्ये सुरू झाला, जवळजवळ दहा वर्षं चालला आणि मार्च २०२४ मध्ये थांबला. आपण तिघं तो जेवताना बघायचो. सागर कारंडे पोस्टमन होऊन अरविंद जगतापांनी लिहिलेली पत्रं वाचायचे, तेव्हा तुम्ही चष्मा काढून ठेवायचात आणि भाजी तिखट झाली म्हणायचात. मला तर तेव्हाच वाटलं होतं की जे लोक आधी पोटभर हसवतात त्यांनाच असं रडवता येतं, आणि आपल्याला हेच करायचंय. त्याच्या आधी 'फू बाई फू' होतं. तेही थांबलं, पण त्यातले भाऊ कदम थांबले नाहीत, विशाखा सुभेदार थांबल्या नाहीत. नम्रता संभेराव 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'त वर्षानुवर्षं दर आठवड्याला नवीन बाई उभी करत राहिली. २०२४ मध्ये 'नाच गं घुमा' या चित्रपटात मोलकरणीची मोठी भूमिका आली, तेव्हा ती पूर्ण ताकदीनं उभी होती. गौरव मोरेनं पवईतल्या आपल्या फिल्टरपाड्याचं नाव मंचावर इतक्यांदा घेतलं की आज ते महाराष्ट्रभर माहीत आहे. लपवलं नाही त्यानं काही. मला त्याचं हे फार आवडतं.

पैशांचं सांगते. दर दिवसावर पैसे ठरतात आणि हातात यायला तीन महिने लागतात. दहिसरच्या खोलीचं भाडं आम्ही दोघी निम्मं निम्मं भरतो. सहा महिने काम नसलं तरी भागेल एवढी रक्कम मी बाजूला ठेवली आहे आणि तिला हात लावत नाही. हा हिशेब वहीत लिहिलाय. दिवाळीला आणीन, तपासून द्या.

आणि त्या मालिकेला मी नाही म्हणून कळवलंय. तुम्हाला आवडणार नाही, तरी माझ्याकडूनच कळावं. महिन्याचे पंचवीस दिवस शूटिंग, पैसे नक्की. पण त्यात मावशीचं एकच काम, आणि ती मावशी दोन वर्षं दाराआड उभी राहून ऐकणार. इथे स्किटमध्ये दहा-बारा मिनिटांत एक माणूस जन्माला घालायचा असतो आणि पुढच्या आठवड्यात तो विसरून दुसरा. दमछाक होते, काही वेळा स्किट पडतं, त्या रात्री जेवण जात नाही. तरी मला हेच काम येतं आणि हेच करायचंय.

लहानपणी तुम्ही मला सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवं दाखवायला नेलं होतंत. जमिनीत एवढा खोल खड्डा, वर छोटं तोंड, आणि आत वर्षानुवर्षं कीड न लागता राहणारी हळद. २००५ च्या पुरात पाणी शिरलं, बरीच पेवं गेली, तेव्हा तुम्ही दोन दिवस कुणाशी बोलला नव्हतात. माझ्याजवळही तसं एक पेव आहे. त्यात आपल्या गल्लीतली माणसं आहेत, एसटीतली आहेत. भावे नाट्यमंदिरात राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीला नेलं होतंत, त्या थंडीतल्या रात्री आहेत. कंदील धरून उभ्या असलेल्या एका नटाकडे बोट दाखवून तुम्ही म्हणाला होतात, "त्याच्याकडं बघ. एक वाक्य नाही त्याला, पण ऐकतोय बघ कसा." मी आजही सीनमध्ये माझं वाक्य नसताना तसं ऐकते. आणि सगळ्यात जास्त त्यात आईच आहे.

म्हणून आई, तुझ्याकडे एकच मागते. यापुढे तुझं काही घ्यायचं झालं तर आधी तुला फोन करीन, तू नको म्हणालीस तर ते घेणार नाही. पण तू गप्प राहू नकोस. ते बोलणं तुझं आहे, टीव्हीवर एकदा दिसलं म्हणून ते माझं होत नाही. त्या कुकरनं तुझं ऐकून घेतलं म्हणून आपल्या घरात कधी भांडण विकोपाला गेलं नाही.

बाबा, ती पुन्हा त्याच्याशी बोलायला लागली की मला नुसता एक मिस्ड कॉल द्या. शूटिंग चालू असलं तरी मला कळेल.

तुमची,
ताई