राजकन्या मार्गारेट यांचा संसार एका जुन्या प्रेमभंगाने मोडला नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ब्रिटनच्या राजकन्या मार्गारेट यांच्यावरील लेख वाचला. लेखाची भाषा प्रसन्न आहे, परंतु त्यात त्यांच्या सबंध आयुष्याची उकल एकाच प्रसंगातून केली आहे. थोरल्या बहिणीने, म्हणजे राणी एलिझाबेथ यांनी, मनाजोगे लग्न होऊ दिले नाही आणि म्हणून पुढचा संसार मोडला, असा लेखाचा सूर आहे. ही कथा ऐकायला बरी वाटते. पण तिचा पूर्वार्ध कागदपत्रांशी जुळत नाही आणि उत्तरार्धात एका माणसाची जबाबदारी अलगद नाहीशी होते.

लेखातले ते मनाजोगे लग्न ज्यांच्याशी व्हायचे होते, ते ग्रुप कॅप्टन पीटर टाउनसेंड हे दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ वैमानिक. पुढे ते राजे सहावे जॉर्ज यांच्या परिवारात सेवेला आले. ते मार्गारेट यांच्यापेक्षा सुमारे सोळा वर्षांनी मोठे आणि घटस्फोटित होते. 1953 मध्ये राज्याभिषेकाच्या दिवशी मार्गारेट यांनी त्यांच्या गणवेशावरचा धागा सहज झटकला, ती जवळीक पत्रकारांनी टिपली आणि थोड्याच दिवसांत टाउनसेंड यांची ब्रुसेल्सला रवानगी झाली. इथवर लेख बरोबर आहे. 1772 च्या राजविवाह कायद्यानुसार पंचविशीपर्यंत राज्यकर्त्याची संमती अनिवार्य होती. त्यानंतर प्रिव्ही कौन्सिलला (राज्यकर्त्याच्या सल्लागार मंडळाला) सूचना देऊन एक वर्ष थांबले आणि संसदेच्या दोन्ही सभागृहांनी हरकत घेतली नाही, तर लग्न करता येत असे. ऑगस्ट 1955 मध्ये मार्गारेट पंचवीस वर्षांच्या झाल्या.

त्यानंतर काय घडले, हे पुढे खुल्या झालेल्या सरकारी कागदपत्रांत आहे आणि लेखात त्याचा उल्लेखही नाही. पंतप्रधान अँथनी ईडन यांनी राणीशी विचारविनिमय करून एक तोडगा तयार केला होता. मार्गारेट यांनी गादीच्या वारसाहक्कावर पाणी सोडायचे आणि नोंदणी पद्धतीने विवाह करायचा. त्यांची पदवी, तनखा आणि ब्रिटनमधील वास्तव्य मात्र कायम राहायचे. (ईडन स्वतः घटस्फोटित होते आणि त्यांनी दुसरे लग्न केले होते, हे येथे नमूद केलेच पाहिजे. पंतप्रधानपदाला जे चालत होते ते राजघराण्याला चालत नव्हते.) त्याच ऑगस्टमध्ये ईडन यांना लिहिलेल्या पत्रात मार्गारेट म्हणतात की, टाउनसेंड यांना ऑक्टोबरमध्ये प्रत्यक्ष भेटल्यावरच लग्न करता येईल की नाही हे आपण ठरवू शकू. हे शब्द जखडलेल्या स्त्रीचे वाटत नाहीत. दोन वर्षांच्या ताटातुटीनंतर स्वतःच्याच मनाची खात्री नसलेल्या स्त्रीचे वाटतात. 31 ऑक्टोबर 1955 रोजी त्यांनी विवाह न करण्याचा निर्णय जाहीर केला तेव्हा चर्चची शिकवण आणि राष्ट्रकुलाप्रती असलेले कर्तव्य ही कारणे दिली. दडपण होतेच. घटस्फोटिताचा पूर्वीचा जोडीदार जिवंत असताना त्याचा पुनर्विवाह चर्च ऑफ इंग्लंडला मान्य नव्हता. त्याच वर्षीच्या मे महिन्यात आपल्याकडे हिंदू विवाह कायद्याने घटस्फोटाला मान्यता दिली होती आणि मुंबई प्रांतात तर 1947 पासूनच तसा कायदा होता, हे आठवले की लंडनमधील तो गदारोळ अधिकच जुनाट वाटतो. तरीही दार पूर्ण बंद होते, असे म्हणता येत नाही.

आता प्रत्यक्ष झालेल्या लग्नाबद्दल. लेखाने त्याला जेमतेम दोन परिच्छेद दिले आहेत. 6 मे 1960 रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये मार्गारेट यांचा विवाह छायाचित्रकार अँटनी आर्मस्ट्राँग-जोन्स यांच्याशी झाला. दूरचित्रवाणीवरून दाखवला गेलेला हा पहिला राजविवाह. पुढच्या वर्षी आर्मस्ट्राँग-जोन्स यांना अर्ल ऑफ स्नोडन ही पदवी मिळाली आणि 1961 व 1964 मध्ये दोन मुले झाली. स्नोडन गुणी होते, यात शंका नाही. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील पक्षिगृहाच्या रचनेत त्यांचा वाटा होता आणि किशोरवयात पोलिओ झालेल्या या माणसाने अपंगांसाठी कळकळीने काम केले. पण लग्नानंतर ते पुन्हा कामात बुडाले, छायाचित्रांसाठी देशोदेशी फिरू लागले. मार्गारेट रॉयल बॅलेच्या अध्यक्षा होत्या, समारंभांना जात होत्या, परंतु रोज उठून ज्यासाठी घराबाहेर पडावे असे काम त्यांच्यापाशी नव्हते. त्यांचा ताठा प्रसिद्ध होता, आणि अशा बाईशी संसार करणे सोपे नसणार, हेही मान्य करू. तथापि, स्नोडन यांची विवाहबाह्य प्रकरणे आणि पत्नीच्या पुस्तकांत मुद्दाम ठेवलेल्या अपमानकारक चिठ्ठ्या यांची नोंद चरित्रकारांनी केलेली आहे. या चिठ्ठ्यांचा दोष टाउनसेंड यांच्या आठवणीला कसा देणार? स्नोडन यांचा दुसरा विवाहही 2000 मध्ये मोडला, आणि त्यात तर मार्गारेट नव्हत्याच.

वृत्तपत्रांनी मात्र त्या वेळी हिशेब वेगळा मांडला. फेब्रुवारी 1976 मध्ये 'न्यूज ऑफ द वर्ल्ड'ने कॅरिबियनमधील मस्टिक बेटावरचे मार्गारेट आणि त्यांच्याहून सतरा वर्षांनी लहान असलेले त्यांचे मित्र रॉडी लुएलिन यांचे छायाचित्र छापले. पुढच्याच महिन्यात, 19 मार्च रोजी, पती-पत्नी विभक्त होत असल्याची घोषणा झाली. स्नोडन यांनी सिडनीत भावविवश होऊन निवेदन केले आणि सहानुभूती मिळवली. मार्गारेट यांच्या वाट्याला मजूर पक्षाचे खासदार विली हॅमिल्टन यांच्यासारख्यांची तनख्यावरून टीका आली. पतीची प्रकरणे वर्षानुवर्षे झाकली राहिली आणि पत्नीचे एक छायाचित्र पहिल्या पानावर आले. आपल्या लेखातही 'स्वैर' हे विशेषण फक्त मार्गारेट यांनाच लावले आहे, याचे मला वाईट वाटले.

आणखी एक चूक तथ्याची आहे. 1978 चा हा घटस्फोट आठव्या हेन्रीनंतर राजघराण्यातील पहिलाच, असे लेखात म्हटले आहे. व्हिक्टोरिया राणीची नात व्हिक्टोरिया मेलिटा यांचा घटस्फोट 1901 मध्येच झाला होता. राणी एलिझाबेथ यांचे सख्खे आतेभाऊ अर्ल ऑफ हेअरवूड यांनी तर 1967 मध्ये घटस्फोट घेऊन राणीच्या संमतीने दुसरे लग्न केले. मार्गारेट यांचे निधन 9 फेब्रुवारी 2002 रोजी झाले आणि त्याच वर्षी चर्च ऑफ इंग्लंडने घटस्फोटितांच्या चर्चमधील पुनर्विवाहाला अपवादात्मक परिस्थितीत मोकळीक दिली. 1772 चा कायदा 2015 मध्ये मोडीत निघाला.

घटस्फोटाविषयीच्या विधानाची दुरुस्ती आणि ईडन यांच्या तोडग्याचा उल्लेख, एवढे तरी पुढील अंकात छापावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक नियमित वाचक, सातारा