बर्फावरची लाकडी गाडी

महोदय,

रविवारच्या छंदांच्या पानावर विमाने, रणगाडे येतात. सोव्हिएत एरोसानी, म्हणजे पंख्याच्या जोरावर बर्फावरून घसरत जाणारी गाडी, मात्र कधी दिसली नाही. सध्या मी एनकेएल-२६ या एरोसानीची १:३५ प्रमाणातली प्रतिकृती जोडतो आहे. दुसऱ्या महायुद्धातली ही गाडी. ४ स्की, प्लायवूडचे अंग, चिलखती पत्रा फक्त पुढे, वर मशीनगन आणि मागे ५ सिलिंडरचे एम-११ हे विमानाचे इंजिन. त्याचा पंखाच गाडीला बर्फावरून ढकलतो! पांढऱ्या रंगाखाली लाकूड जाणवले पाहिजे, म्हणून मी तीनदा रंग खरवडून पुन्हा दिला. इंजिनाच्या वायरी जुन्या इअरफोनमधल्या तांब्याच्या तारांच्या केल्या. या गाड्यांवर एक सचित्र लेख जरूर छापावा, माझी कळकळीची विनंती आहे.

— एक निवृत्त फिटर, सांगली