विट्याच्या मित्रास: क्लॅमिडिया पुन्हा का होतो आणि नळ्या का बंद होतात

सांगली, रविवार

प्रिय संजय,

डॉक्सीचा (डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाचा) कोर्स पुरा करूनही काही बायकांना क्लॅमिडिया, म्हणजे संबंधातून लागणारा हा जंतू, पुन्हा का होतो, आणि एकीच्या बीज वाहून नेणाऱ्या नळ्या पहिल्याच फटक्यात बंद होतात तर दुसरीला तीनदा होऊनही दिवस राहतात, हे कशाने, असं तू विचारलंस. आणि वर, "जनुकांत काही असतं का?" असतं. पण विट्याच्या दवाखान्यात त्याचा उपयोग किती, ते ऐकून तू चिडशील.

आधी या जंतूची खोड समजून घे. पेशीत शिरल्याशिवाय तो वाढत नाही. बाहेर असतो तेव्हा बियाण्यासारखा बारीक आणि टणक. आत गेला की फुगतो, दुभागत राहतो आणि 48 ते 72 तासांत पेशी फोडून नवं बियाणं बाहेर टाकतो. आत दडलेल्याला अँटिबॉडी कुठून गाठणार? त्याला आवरतात त्या सीडी-4 टी पेशी, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी, आणि त्या सोडतात तो संदेश, गॅमा इंटरफेरॉन. इंटरफेरॉनमुळे गर्भपिशवीच्या तोंडाच्या पेशी आयडीओ नावाचं विकर बनवतात आणि ते विकर पेशीतलं ट्रिप्टोफॅन, म्हणजे जंतूला वाढायला लागणारं अमिनो आम्ल, संपवून टाकतं. थोडक्यात, वेढा घालून रसद तोडायची. जंतू उपाशी मरतो, नाहीतर बेडौल होऊन पडून राहतो. प्रयोगशाळेत तर रसद पुन्हा सुरू केली की तो परत उठलेला दिसतो.

आता त्याची लबाडी बघ. जननमार्गातल्या जातींकडे इंडोल नावाच्या कच्च्या मालापासून ट्रिप्टोफॅन बनवायचं विकर शाबूत आहे. डोळ्यात खुपऱ्या करणाऱ्या जातींनी ते गमावलंय. इंडोल येतं योनीतल्याच दुसऱ्या जंतूंकडून, प्रिव्होटेलासारख्या. योनीतले चांगले जंतू, लॅक्टोबॅसिलस, कमी झाले आणि इतर जंतू माजले (यालाच बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात), की मागच्या दाराने रसद सुरू. म्हणून "पांढरं जातंय, माशासारखा वास येतो" असं बाई सांगते तेव्हा ते किरकोळ समजून सोडू नकोस. मेट्रोनिडॅझोल 400 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस. त्याने क्लॅमिडिया टळेलच असं नाही, पण वेढ्यातली भोकं बुजवायलाच हवीत.

जनुकांचं म्हणशील तर अमेरिकेतल्या अलाबामाच्या बायकांत एचएलए-डीक्यूबी1 (जंतूचे तुकडे टी पेशींना दाखवणारं जनुक) याचा 06 प्रकार असणाऱ्यांना पुन्हा लागण जास्त दिसली. केनियात एचएलए-डीक्यूच्या काही प्रकारांचा नळ्यांच्या वंध्यत्वाशी संबंध आढळला. जंतूची चाहूल घेणारे टीएलआर2 आणि टीएलआर4, शिवाय दाह शमवणारं आयएल-10, यांच्यातल्या बदलांवरही बरंच लिहिलं गेलंय. एकेकट्या बदलाचा परिणाम लहान असतो, आणि एका समाजात दिसलेलं दुसऱ्यात दिसेलच असं नाही. त्यामुळे "हिच्या नळ्या जातील" असं आधी सांगणारी जनुक-तपासणी आज नाही. कुणी विकायला आलाच तर त्याला चहा पाजून वाटेला लाव.

नळ्यांची नासाडी जंतूपेक्षा आपलं शरीरच जास्त करतं. लागण झालेल्या पेशी आयएल-1 आणि आयएल-8 हे दाहाचे संदेश सोडतात, मग न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी धावून येतात आणि त्यांची विकरं आतलं अस्तर खरवडून काढतात. निरोगी नळीतले केस, शाळूच्या रानावरून वारा गेला की कणसं लवतात तसे, एका लयीत हलून बीज गर्भपिशवीकडे ढकलतात. ते झडले की नळी उघडी असूनही बीज अडतं, आणि गर्भ नळीतच राहायचा धोका वाढतो. भरून येताना व्रण पडतो, नळीचं टोक चिकटतं, आत पाणी साचतं. एचएसजीच्या (पिशवीत औषध सोडून काढलेल्या एक्स-रेच्या) फिल्मवर अशी नळी वाकड्या वांग्यासारखी फुगलेली दिसते आणि ते औषध पोटात सांडत नाही. मग टेस्ट ट्यूबमध्येही यश जवळजवळ निम्म्यावर येतं, म्हणून ती आधी काढून टाकतात किंवा क्लिप लावून बंद करतात.

प्रत्येक नव्या लागणीला जुन्या व्रणावर नवा व्रण चढतो. स्वीडनमधल्या लुंडच्या 1992 सालच्या अहवालात, ओटीपोटातल्या दाहाच्या एका झटक्यानंतर नळ्यांमुळे वंध्यत्व सुमारे 8 टक्के, दोनांनंतर 20 आणि तीनांनंतर 40 टक्के होतं. तो दाह सगळ्या कारणांचा, पण चढ कसा आहे ते बघ.

लवकर उपचार केला तर प्रतिकारशक्ती पक्की होत नाही, म्हणून पुन्हा लागण होते, असाही एक तर्क कॅनडातून पुढे आला. असेलही. पण तेवढ्यासाठी उपचार लांबवणं म्हणजे घर जळताना विहिरीला पाणी लागायची वाट बघणं.

तुझ्याकडे मात्र जनुकांआधी नवरा तपासायचा. गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यामुळे तो दूर कुठल्यातरी राज्यात. ती इथे गोळ्या संपवते, तो यात्रेला नाहीतर दिवाळीला येतो, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. दोष मात्र तिच्याच माथी! तेव्हा त्याला फोन करायला लाव. जिथे असेल तिथल्या सरकारी दवाखान्यातल्या सुरक्षा (गुप्तरोगांच्या) क्लिनिकमध्ये त्याने जावं. दोघांनाही डॉक्सी 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस, आणि दोघांचा कोर्स संपेपर्यंत संबंध नको. दिवस गेलेले असतील तर डॉक्सी नाही, अझिथ्रोमायसिन 1 ग्रॅम एकदाच. ओटीपोटात दुखत असेल तर सात दिवस पुरणार नाहीत. डॉक्सी आणि मेट्रोनिडॅझोल 14 दिवस, जोडीला गनोरियाचं औषध.

आपल्याकडे हमखास होणारी चूक म्हणजे डॉक्सीबरोबर रक्तवाढीची (लोहाची) किंवा कॅल्शियमची गोळी. डॉक्सी त्यांना बांधली जाते आणि रक्तात पुरेशी उतरत नाही. तेवढे सात दिवस लोह बंद ठेवलेलं बरं. गोळी पेलाभर पाण्याबरोबर, बसून, आणि लगेच आडवं व्हायचं नाही. नाहीतर अन्ननलिका सोलपटते आणि तिसऱ्या दिवशी कोर्स बंद पडतो.

पुन्हा तपासणी तीन महिन्यांनी. चार आठवड्यांच्या आत पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) केलास तर मेलेल्या जंतूचा डीएनए सापडतो आणि तू उगाच दुसरा कोर्स देतोस. योनीतला स्वॅब बाईने स्वतः घेतला तरी चालतो, पडद्याआड कुणी तयार होत नसेल तर हे सांग. रक्तातली आयजीजी अँटिबॉडी जुन्या लागणीची खूण आहे, त्यावर औषध देऊ नकोस.

आणि नळ्या बंद दिसल्या की क्षयही डोक्यात ठेव. पिशवीच्या अस्तराचा नमुना अर्धा फॉर्मेलिनमध्ये आणि अर्धा सलाइनमध्ये पाठव. सगळाच फॉर्मेलिनमध्ये बुडवलास तर कल्चरला (जंतू वाढवून बघायला) काही उरत नाही. पुढच्या वेळी नमुना एसटीने पाठवशील तर बाटलीवर तारीख आणि वेळ लिही.

तुझा,
विजू