हिस्लॉपसाहेबांची पत्रे वाचायला शिकवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सा. न. वि. वि.

गेल्या पावसाळ्यात आपण नागपूरहून एस.टी.ने येऊन सहा रविवार आमच्या शाळेला दिलेत, त्याबद्दल आम्ही तेव्हा तोंडी आभार मानले होते. परंतु जुनी पत्रे कशी वाचावीत हे ज्यांनी शिकवले त्यांचे आभार पत्रानेच मानले पाहिजेत असे मनाने घेतले, म्हणून हे उघड पत्र लिहीत आहे.

टाकळघाटच्या शिवाराविषयी मुलांनी भित्तिपत्रक केले होते आणि त्यात नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी इथली शिलावर्तुळे (दगडांची जुनी वर्तुळे) ‘शोधून काढली’ असे मीच लिहून दिले होते. आपण ते वाक्य वाचून एवढेच विचारलेत, ‘गुरुजी, त्याआधी इथे गुरे चारणाऱ्यांना ती दिसत नव्हती का?’ आमच्या आज्या त्यांना गवळ्यांचे दगड म्हणत आल्या आहेत. गवळ्यांची ही दंतकथा त्या काळच्या साहेबांनीही टिपून ठेवली, आणि वर्तुळे मध्य आशियातल्या शक लोकांची असावीत असा स्वतःचा तर्क तिच्याशेजारी मांडला. पुढे १९६८-६९ मध्ये पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांनी टाकळघाट आणि खापा येथे उत्खनन केले, तेव्हा टाकळघाटला लोहयुगीन वस्ती आणि खाप्याला त्याच काळातली दफने मिळाली. मागाहून चुकीचा ठरलेला तर्कही पत्रातून खोडायचा नसतो, तो कोणी, कधी आणि काय पाहून केला हे पाहायचे असते, ही आपली शिकवण मी वर्गात आता रोज वापरतो.

पहिल्या रविवारी आपण आणलेली एका जुन्या पत्राची ती प्रत अजून डोळ्यांसमोर आहे. टपालखर्च वाचावा म्हणून लिहिणाऱ्याने पान भरल्यावर कागद फिरवून त्याच ओळींवर उभ्या ओळी लिहिल्या होत्या, आणि आम्हांला ती नुसती जाळी दिसत होती. आपण पोस्टकार्डाची एक पट्टी कापून ओळीखाली धरलीत, ती हळूहळू खाली सरकवलीत, मग पान काटकोनात फिरवून तसेच पुन्हा केलेत. तिसऱ्या ओळीला सातवीतल्या एका मुलीने एक शब्द आपण होऊन वाचला, तेव्हा आपल्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला तो मी विसरणार नाही. (याआधी एका कार्यालयाने ‘खेड्यातल्या पोरांना हे कशाला?’ असे म्हणून आमचा अर्ज परत केला होता, म्हणून त्या आनंदाचे मोल आम्हांला अधिक वाटले.)

हेन्री थॉमस कोलब्रूक यांची पत्रेही आपणच दाखवलीत. १७९९ ते १८०१ या काळात भोसल्यांच्या दरबारी ईस्ट इंडिया कंपनीचे वकील म्हणून नागपुरात राहिलेला हा माणूस तरुणपणी वडिलांना लिहिताना संस्कृतच्या मागे लागलेल्यांना हसत होता. त्याच माणसाने पुढे १८०५ मध्ये वेदांवर निबंध लिहिला, १८१७ मध्ये भास्कराचार्यांच्या गणिताचे भाषांतर छापले आणि १८२३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या स्थापनेत पुढाकार घेतला. मुलाने १८७३ मध्ये त्यांचे चरित्र लिहिताना ती जुनी पत्रे दडवली नाहीत, म्हणून माणसाचे मत कसे पालटत गेले हे आज आम्हांला कळते.

हिस्लॉप यांच्या कागदांविषयी आपण जे सांगितलेत ते मात्र सर्वांत खोल गेले. १८४५ पासून नागपुरात राहिलेले हे मिशनरी ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटहून बोरीकडे परतताना पुराच्या नाल्यात घोड्यावरून जाताना बुडाले, आणि अर्धवट राहिलेली त्यांची टिपणे मध्य प्रांताचे तेव्हाचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापून घेतली. त्यांत एका परधानाकडून, म्हणजे गोंडांच्या परंपरागत गायकाकडून, उतरवून घेतलेले लिंगो या गोंडांच्या पुराणपुरुषाचे गोंडी गीत आहे. आपण तिथेच थांबला नाहीत. आमच्या एका विद्यार्थ्याच्या परधान आजोबांना शाळेत बोलावलेत, त्यांनी आपले तंतुवाद्य किंगरी जुळवेपर्यंत सगळ्यांना शांत बसवलेत, आणि कागदावरचे गीत व कानावरचे गीत कुठे जुळते, कुठे निराळे होते, ते मुलांकडून वहीत लिहून घेतलेत. माझ्या मते साऱ्या सहा रविवारांत सर्वांत महत्त्वाचे काम त्या दुपारी झाले.

आता मुले घरच्या लोखंडी पेट्यांतली पोस्टकार्डे आणि आंतर्देशीय पत्रे आणू लागली आहेत. आपण सांगितल्याप्रमाणे टाचण्या काढून, घडी सपाट करून, प्रत्येकावर तारीख, गाव आणि कोणी कोणाला लिहिले एवढे वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ठेवले आहे. एका पत्रातली मोडीतली सही आमच्याने लागत नाही. कापसाची वेचणी उरकली की बैलबंडी घेऊन एस.टी.च्या थांब्यावर येऊ. आपण सवडीने यावे, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
टाकळघाट परिसरातील एक शिक्षक