फोटोतल्या बंदुकीबद्दल

थुन, स्वित्झर्लंड, 14 जून

ती. तात्या आणि सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण मंगळवारी फोनवर काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे. आई रडायला लागली, तात्यांनी फोन घेतला आणि नुसते "हं, हं" करत राहिले, आणि मागून आत्या मोठ्यानं विचारत होती, "पोरगी तिकडं मिलिटरीत भरती झाली का काय?" म्हणून पत्र. छोटूला सांगितलंय, मोठ्या अक्षरात छापून दे. तात्यांच्या डोळ्याला अजून ताण नको.

आधी महत्त्वाचं. मी बरी आहे. नोकरी जागेवर आहे. मला कुणी धमकावलेलं नाही, घरात चोरी झालेली नाही, आणि डोक्यावर परिणामही झालेला नाही. रायफल धरलेला माझा फोटो घरच्या ग्रुपवर टाकायला नको होता, हे मान्य. मला वाटलं तात्यांना गंमत वाटेल. तो काकांनी साताऱ्यात अर्ध्या गावाला पाठवला, त्याला मी काय करू?

बंदूक मी दुकानात शोधत गेले नव्हते. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी तुला आठवतात ना आई, तुझा बेसनाचा लाडू खाऊन "चांगला आहे, पण वाळू का घातली?" म्हणाल्या होत्या त्या? त्यांचे यजमान मागच्या वर्षी गेले. मार्चमध्ये त्या तळघर आवरत होत्या आणि मी खोकी उचलायला गेले होते. जुन्या स्कीज, रिकाम्या बरण्या, आणि करड्या लष्करी घोंगडीत गुंडाळलेली ही. त्या ती पोलिसांकडे जमा करायला निघाल्या होत्या. मी घोंगडी उलगडली आणि तेलाचा वास आला. तात्या, तुम्ही गार्ड ड्युटीवरून आलात की तुमच्या खाकीला यायचा, तोच. पोलीस लाइनीतली आपली खोली, खुंटीवर पट्टा, चुलीवर पाणी. मी म्हटलं, आजी, मी घेऊ का?

280 फ्रँक. म्हणजे तेव्हाच्या भावानं साधारण अठ्ठावीस हजार रुपये. हो, माहीत आहे. छोटूच्या मोबाइलपेक्षा कमी आहेत.

आणि चोरून काही केलेलं नाही. माझ्याकडे कायम वास्तव्याचं सी परमिट आहे, त्यामुळे अशी दर गोळीला हातानं दांडा (बोल्ट) मागेपुढे ओढायची जुनी बंदूक लेखी करारावर घेता येते. माझ्या नावावर गुन्हा नसल्याचा दाखला मी आजींना दिला, त्यांच्या स्वयंपाकघरात बसून दोघींनी सह्या केल्या, कराराची प्रत 30 दिवसांच्या आत कँटनच्या (म्हणजे इथल्या राज्याच्या) शस्त्र कार्यालयाकडे गेली. मूळ कागद दोघींनी 10 वर्षं जपायचा. आजी 84 वर्षांच्या आहेत. त्यांनी अगदी गंभीरपणे फाइलवर कोणत्या वर्षापर्यंत ठेवायची ते लिहिलं.

आता तात्यांसाठी. हिचं नाव कारबिनर 31, सगळे के-एकतीस म्हणतात. 1931 साली स्विस सैन्यानं घेतली, 1958 पर्यंत बनत होती, पाच लाखांच्या वर बनल्या. कारखाना बर्नचा, म्हणजे मी रोज आगगाडीनं नोकरीला जाते तिथलाच. माझी 1950 ची आहे. वजन चार किलो, गोळी साडेसात मिलिमीटरची, मॅगझिन सहाचं. तुमच्या पोलिसातल्या थ्री नॉट थ्री रायफलचं दहाचं होतं ना? पण खरी मजा बोल्टची. तुमचा बोल्ट वर उचला, मागे ओढा, पुढे ढकला, खाली पाडा. हिचा नुसता सरळ मागे ओढायचा आणि सरळ पुढे ढकलायचा. फिरवणं आतल्या आत होतं. पहिल्यांदा केलं तेव्हा हात सवयीनं वर उचलायला गेला. सवय कसली म्हणा, मी आयुष्यात थ्री नॉट थ्री हातात धरलेली नाही. खंडेनवमीला हेडक्वार्टरला झेंडूच्या माळा घातलेल्या रायफली ओळीनं मांडलेल्या असायच्या, तेव्हा लांबून पाहिलेलं. तुम्ही छोटूला उचलून बोल्ट ओढायला दिला होतात. मला म्हणालात, "तू लांब उभी राहा, कपड्याला तेल लागेल." तक्रार नाही करत. आठवलं म्हणून लिहिलं.

मागे एक कडी आहे, बोटात बसेल एवढी. ती मागे ओढून आडवी फिरवली की बंदूक सुरक्षित, घोडा दाबला तरी काही होत नाही. हे आईसाठी.

दस्त्याच्या तळाशी लोखंडी पट्टी असते. साफ करताना तिचे दोन स्क्रू काढले, तर आत घडी घातलेला कागदाचा तुकडा. सैनिक आपलं नाव, पलटण आणि घरचा पत्ता लिहून तिथे ठेवायचे. यजमानांचंच अक्षर. 20 वर्षांचे असतील तेव्हा. पत्ता त्यांच्या आईच्या गोठ्याच्या घराचा. मी तो तसाच खाली घेऊन गेले. आजींनी चष्मा लावला, बराच वेळ वाचत राहिल्या. मला वाटलं आता रडतील. दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं: कागदाची झेरॉक्स स्वतःला ठेवून मूळ कागद मला परत द्यायला आल्या होत्या. करार झालाय, बंदूक तुझी, तर आतला कागदही तुझाच. मी नको नको म्हटलं तर नाराज झाल्या. कागद पुन्हा पट्टीखाली आहे.

आई, तू विचारलंस, "तिथल्या पोलिसांना चालतं का हे?" हे नीट सांगितल्याशिवाय तुला पटणार नाही, म्हणून जरा लांबण लावते. इथे रविवारी आवाज करायचा नाही. म्हणजे अजिबात नाही. गवत कापायचं नाही, भिंतीत खिळा ठोकायचा नाही, काचेच्या रिकाम्या बाटल्या रस्त्यावरच्या पेटीत टाकायच्या नाहीत, कारण खळ्ळकन वाजतात. मी पहिल्या वर्षी रविवारी सकाळी मिक्सरवर शेंगदाण्याची चटणी वाटली, तर दारावर चिठ्ठी चिकटवलेली: आज रविवार आहे. नुसतं एवढंच. सही नाही, रागवणं नाही. मी चार दिवस जिन्यानं मान खाली घालून जात होते. आणि त्याच शांत रविवारी, मे महिन्यात, डोंगराच्या बाजूनं सकाळी आठपासून धाड, धाड, धाड. मला वाटलं युद्ध लागलं. खाली आले तर चिठ्ठीवालेच (तेच असणार, दुसरं कुणी नाही) खांद्याला रायफल लावून सायकलवर निघालेले. मला म्हणाले, "छान हवा आहे." मिक्सर चालत नाही, रायफल चालते. कारण मिक्सर म्हणजे गोंगाट, आणि चांदमारी म्हणजे नागरिकाचं कर्तव्य.

इथे मुलांना सैन्याचं प्रशिक्षण सक्तीचं, आणि बंदूक त्यांच्या घरीच असते, कपाटात, पलंगाखाली. दर वर्षी रेंजवर जाऊन 20 गोळ्या झाडून दाखवाव्या लागतात. शुक्रवारी संध्याकाळी गाडीत माझ्या समोरच्या सीटवर विशीतला पोरगा झोपलेला असतो, आणि गुडघ्यांमध्ये रायफल. कुणी वळून बघत नाही. गोळ्या मात्र घरी देत नाहीत. पूर्वी सीलबंद डबा द्यायचे, तो 2007 नंतर बंद केला. माझ्याकडेही घरात एकही गोळी नाही. रेंजवर घेते, रेंजवरच संपवते. बोल्ट वेगळा कुलपात. आता झालं समाधान?

फोटो फेल्डशीसनचा आहे. देशभर एकाच सुमारास होते ही नेमबाजीची स्पर्धा, लाखाच्या वर लोक येतात. दहा वर्षांच्या पोरापासून आजोबांपर्यंत. पैसे घेत नाहीत, गोळ्याही त्यांच्याच. जत्राच म्हणा, फक्त देव नाही आणि खायला सॉसेज. मी बटाट्याचं सॅलड खाल्लं.

पालथं पडून नेम धरायचा, 300 मीटरवर. शेजारी एक मदतनीस बसतो. माझ्या बाजूला सत्तरीच्या बाई होत्या. गोळ्या सहा-सहाच्या पुठ्ठ्याच्या क्लिपमध्ये येतात, कडेला पत्रा. वरून दाबल्या की करकन मॅगझिनमध्ये उतरतात. गोळी पुंगळीत बसते तिथे मेणाची बारीक कड असते, ओलावा शिरू नये म्हणून. बोटाला चिकट लागते. एकूण 18 गोळ्या. पहिल्या सहा सावकाश, एकेक. मग मिनिटात तीन, पुन्हा मिनिटात तीन, आणि शेवटी एका मिनिटात सहा. पहिली झाडली तेव्हा दस्ता खांद्याच्या खोबणीत बसलाच नव्हता. आठवडाभर खांदा वांग्यासारखा. तुम्ही छोटूला सांगायचात ना, "घोडा ओढायचा नाही, पिळायचा, ओल्या फडक्यासारखा", ते मी दाराआडून ऐकलेलं होतं. तिसऱ्या गोळीपासून तेच केलं. 72 पैकी 49. बिल्ला मिळाला नाही. पण मदतनीस बाईंनी विचारलं, कुणी शिकवलं? मी म्हटलं, माझ्या वडिलांनी.

झाल्यावर बंदूक रिकामी आहे का ते दुसऱ्यानं बघायचं, उरलेली गोळी असेल तर परत, पुंगळ्या डब्यात. तुमच्या चांदमारीला एक पुंगळी कमी भरली म्हणून अख्खी प्लाटून संध्याकाळपर्यंत गवत चाचपत होती, ती गोष्ट मी बाईंना सांगितली. इतक्या हसल्या!

तात्या, तुमचं डोळ्याचं ऑपरेशन स्पर्धेच्याच दिवशी, शनिवारी होतं. मला माहीत होतं. छोटू म्हणाला, "अर्ध्या तासाचं काम आहे, येऊन काय करशील." तरी मी चार महिने आधीपासून रजा धरून ठेवायला हवी होती. तुमचाही उजवाच डोळा, नेमाचा. रेंजवर माझी पाळी येण्याआधी फोन बघितला, छोटूचा अंगठा आला होता, मगच आत गेले. ड्रॉप वेळेवर घालताय ना?

आता बाकीचं. मंगल कार्यालयाचे तीन लाख सोमवारी पाठवलेत, बुधवारपर्यंत दिसतील. आचाऱ्याचे पुढच्या महिन्यात. छोटूच्या लग्नासाठी तुम्ही सोसायटीचं कर्ज काढू नका, मी परत सांगते. सूनबाईच्या पाटल्यांना कमी पडले तर मला सांगायचं, आईनं स्वतःच्या मोडायच्या नाहीत. डिसेंबरात मला फक्त 12 दिवस रजा मिळतेय. हळदीच्या आदल्या दिवशी पोहोचेन. रागावू नका, यंदा तेवढीच शिल्लक आहे. आणि कराडच्या स्थळाला तुम्ही "मुलीचा फोटो बघितला का" म्हणून विचारू नका. त्यांनी बघितला असेल तर प्रश्न मिटला, नसेल तर बघू दे.

आईनं मंगळवारी आणखी एक विचारलं होतं, रडण्याच्या मध्येच: फोटो काढला कुणी? ते मी ऐकलं नाही असं दाखवलं.

तो शाळेत शिकवतो. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहे. तात्या, तो सैन्यात गेला नाही. ज्यांना बंदूक धरायची नसते त्यांना इथे दीडपट दिवस नागरी सेवा करावी लागते. त्यानं ती वृद्धाश्रमात केली. बंदुकीला अजूनही हात लावत नाही. फोटो काढताना एका कानात बोट होतं, म्हणून फोटो तिरका आलाय.

डिसेंबरात त्याचंही तिकीट काढू का, ते कळवा. तिखट खात नाही, पण लाडू त्याला आवडला होता.

तुमची,
ताई