खाट म्हणजे घर नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत लंडनमधल्या चर्चच्या रात्रनिवाऱ्यांवर लेख छापलात, त्याबद्दल आभार. मात्र ‘चर्चने बेघरांना घर दिले’ हा मथळा साफ चुकीचा आहे.

सात चर्च मिळून हिवाळाभर निवारा चालवतात, प्रत्येकाकडे आठवड्यातली एक रात्र. दहा-पंधरा माणसे, हॉलमध्ये घडीच्या खाटा. सकाळी आठच्या सुमारास सगळे बाहेर आणि अंथरुणाच्या पिशव्या व्हॅनने पुढच्या चर्चला. रोज पत्ता बदलणाऱ्या माणसाचे आधी कागद हरवतात, मग नोकरी जाते.

‘कुणीही यावे’ हे वाक्य तर घातक आहे. रात्री जागे असतात दोन-तीन स्वयंसेवक. त्यामुळे बहुतेक ठिकाणी आजार, औषधे, व्यसन यांची चौकशी करून एखाद्या संस्थेने आधी नाव पाठवावे लागते. तुमचा लेख वाचून कुणी थेट दारात गेले, तर कडाक्याच्या थंडीत परत फिरावे लागेल.

खरी अडचण येते ती खोली भाड्याने घेताना. २०१९च्या कायद्याने इंग्लंडमध्ये अनामतीवर सहसा पाच आठवड्यांच्या भाड्याची मर्यादा घातली, पण त्यावर पहिल्या महिन्याचे भाडे आगाऊ लागतेच. आणि ‘युनिव्हर्सल क्रेडिट’चा, म्हणजे बेरोजगार वा कमी कमाईच्या लोकांना मिळणाऱ्या सरकारी भत्त्याचा, पहिला हप्ता यायला पाच आठवडे! उचल मिळते, पण ती पुढच्या हप्त्यांतून कापून घेतात. म्हणून काही चर्च रोख अनामतीऐवजी घरमालकाला लेखी हमी देतात : थकबाकी किंवा मोडतोड झाली, तर ठरल्या रकमेपर्यंत आम्ही भरू. तसे काही घडले नाही, तर तोच पैसा पुढच्या माणसाच्या हमीला उरतो. माणूस खोलीत जातो तो यामुळे, आणि लेखात याबद्दल एक ओळ नाही.

कौन्सिलकडे, म्हणजे तिथल्या नगरपालिकेकडे, मदतीचा अर्जही निवाऱ्यात आल्यावर पहिल्याच आठवड्यात करायला हवा. २०१७च्या कायद्याप्रमाणे बेघराला घर शोधायला मदत करण्याची कौन्सिलची जबाबदारी साधारण ५६ दिवसांची. फेब्रुवारीच्या मध्यात अर्ज केला, तर ते दिवस संपण्याआधीच, मार्चअखेर, निवारा बंद होतो. विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना तर सहसा ना युनिव्हर्सल क्रेडिट मिळते, ना कौन्सिलकडून घर शोधायला ही मदत. आपल्याकडून शिकायला आलेली मुलेही त्यात आली.

आणखी एक. लेखासोबतच्या छायाचित्रात झोपलेल्यांचे चेहरे स्पष्ट दिसतात. निवाऱ्यात मारहाणीला कंटाळून घर सोडलेल्या बायकाही असतात. शोधणाऱ्याला एवढा फोटो पुरतो. छापील अंकाचे आता काही करता येणार नाही, पण संकेतस्थळावरून तो आजच काढावा, ही विनंती.

– एक वाचक, लंडन