एक्सरे नॉर्मल म्हणजे बरगडी शाबूत, असं नसतं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गोपाळकाल्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या पेपरात बातमी वाचली, गोविंदांना छातीला मुका मार लागला, एक्सरे नॉर्मल, प्राथमिक उपचार करून घरी सोडलं. एवढंच. वाचता वाचता माझा हात आपसूक डाव्या कुशीवर गेला कारण गेल्या आषाढात मलाही असंच 'नॉर्मल' म्हणून घरी सोडलं होतं.

मी एसटीचा निवृत्त वाहक, वय ६३, राहणार संगमेश्वर तालुका. कोकणात पावसात चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ कसं धरतं ते सांगायला नको, आणि ब्लिचिंग पावडर टाकायची म्हणून डबा काढून ठेवलेला तो तसाच पडवीत. सकाळी फुलं काढायला गेलो, पाय सटकला आणि डाव्या बाजूने पायरीच्या कडेवर आपटलो. आधी श्वासच येईना. मग आला तो अर्धाच, वरच्या वर. पूर्ण घ्यायला गेलं की आतून कोणी सुरी फिरवतंय असं. शिंक येतेय असं वाटलं तरी देव आठवायचा.

आता आपल्याकडे माणूस पडला की पहिले डॉक्टर शेजारीच. एक म्हणाले उसण भरलीय, पायाळू, म्हणजे जन्मताना पायाकडून आलेला माणूस बघा, त्याचा पाय लागला की जाते. वाडीत एक पायाळू आहे पण तो मुंबईला गेलेला म्हणून मी वाचलो, नाहीतर त्या बरगडीवर वरून लाथ बसली असती. काकूने आंबेहळद नि तुरटीचा लेप गरम करून लावला. लेपाने बरं वाटलं, खोटं कशाला बोलू, पण कातडीवरचा लेप आतल्या हाडाचं काय करणार?

तालुक्याला दाखवलं. डॉक्टरनी तपासलं, एक्सरे काढला, फ्रॅक्चर दिसत नाही, मुका मार आहे, गोळ्या घ्या म्हणाले. घरी सगळे खूश. मी मात्र रात्रभर खुर्चीत बसून, कारण आडवं झालं की उठताना डोळ्यांपुढे काजवे. तीन आठवडे झाले तरी बोट ठेवलं की नेमक्या त्याच एका जागी ठणका, म्हणून परत गेलो, परत एक्सरे काढला, आणि यावेळी आठव्या बरगडीवर बारीक गाठ दिसली. हाड जुळताना नवीन हाड धरतं त्याची गाठ. म्हणजे पहिल्या दिवसापासून चीर होतीच, फक्त फोटोत आली नव्हती.

मी जरा तावातच विचारलं, मग आधी का नाही दिसलं? डॉक्टर हसले नि समजावून सांगितलं, ते इथे लिहितोय कारण चुकीचा राग धरून बसणारे माझ्यासारखे बरेच असणार. बरगड्या दोन्ही बाजूंना बारा-बारा, सगळ्या वाकड्या, एकावर एक आलेल्या, आणि हाड जागेवरून हललं नसेल तर केसासारखी चीर साध्या एक्सरेत निसटते. निम्म्यापर्यंत निसटू शकतात म्हणाले. शिवाय पुढे छातीच्या मधल्या हाडाला बरगडी जिथे चिकटते तिथे कूर्चा, म्हणजे मऊ हाड असतं, ते साध्या एक्सरेत सहसा दिसत नाही, तिथे तडा गेला तरी फोटो स्वच्छ. सीटी स्कॅनमध्ये जास्त कळतं, पण प्रत्येक पडलेल्या माणसाला सीटीत घालायची गरज नाही. एक्सरे काढतात तो मुख्यतः बरगडीसाठी नाहीच, फुप्फुसासाठी. मोडलेल्या टोकाने फुप्फुसाला भोक पाडून हवा बाहेर साठलीय का, रक्त साठलंय का, ते बघायला. मला हे माहीतच नव्हतं, मी तर रिपोर्ट हातात घेऊन हाडंच मोजत होतो.

मग मुका मार आणि मोड ओळखायची कशी? घरी बसून पक्कं ओळखता येत नाही हे आधी मान्य करा. तरी अंदाज असतो. मुक्या मारात दुखणं पसरट असतं, तळहाताएवढ्या भागात. मोडलं असेल तर बहुतेकदा एका बोटाच्या टोकाखाली मावेल एवढी जागा. पडताना 'कट्' आवाज आला, किंवा श्वास घेताना आत काहीतरी घासल्यासारखं, करकरल्यासारखं लागलं तर मोडीचा संशय जास्त. डॉक्टर आणखी एक करतात, दुखऱ्या जागेला हातच न लावता एक हात छातीच्या मधल्या हाडावर, एक पाठीवर ठेवून हळूच दाबतात, आणि दाब इथे पण कळ तिथे, कुशीत. माझी तशीच आली होती. हे तुम्ही घरी एकमेकांवर करू नका हं, उत्साह फार असतो लोकांना. आणि काळंनिळं पडलंय की नाही यावरून काही ठरवू नका, माझ्या अंगावर वळसुद्धा नव्हता.

गंमत म्हणजे निदान बदललं पण औषध बदललं नाही. हाताला प्लास्टर घालतात तसं बरगडीला घालता येत नाही, श्वास तर चालूच राहणार. दोन्हींत दुखणं कमी ठेवायचं आणि फुप्फुस पूर्ण फुगवत राहायचं. मार असेल तर दोन-तीन आठवड्यांत सुटका, मोड असेल तर सहा आठवडे धरून चाला, वय असेल तर जास्तच. मला जागेपणी दर तासाला दहा खोल श्वास सांगितले होते. मी आयुष्यभर लोकांची डोकी मोजली, आता श्वास मोजायचे! तीन चेंडूंचं ते प्लास्टिकचं यंत्र असतं ना, ओढलं की चेंडू वर जातात, ते नातवाने आणलं आणि पहिले चार दिवस माझा एकच चेंडू वर जायचा, तोही डळमळत. खोकताना छातीशी उशी घट्ट धरायची, त्याने कळ निम्मी होते. दुखतंय म्हणून खोकला दाबायचा नाही. पेनकिलर घ्यायला लाजायचं नाही, फक्त किडनीचा, अल्सरचा त्रास असेल किंवा रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल तर कुठली गोळी ते डॉक्टरना विचारूनच.

आणि तो छातीचा पट्टा! त्यावर मला खरं तर वेगळं पत्र लिहायचंय. माझा मेव्हणा झाडावरून पडला तेव्हा घरच्यांनी धोतर फाडून छाती करकचून बांधली, वरून मेडिकलमधून पट्टा आणला, आठ दिवस खाटेवर हलू दिलं नाही. बांधल्यावर दुखणं कमी झालं म्हणून सगळे समाधानी. कमी होणारच, श्वासच पुरा जात नव्हता तर. कफ आत साठला, नवव्या दिवशी ताप, पिवळा बेडका, न्यूमोनिया. मोडलेल्या बरगडीने नाही, बांधलेल्या छातीने त्याला बारा दिवस दवाखान्यात ठेवलं. पूर्वी डॉक्टरही बांधायचे, आता बांधत नाहीत, पण गावात अजून पहिला हात धोतरालाच जातो.

दुसरी गोष्ट आमच्या डेपोतल्या एका चालकाची. ब्रेक मारल्यावर डाव्या बाजूला खालच्या बरगड्यांवर दणका बसला. तक्रार काय, तर डावा खांदा दुखतोय. खांद्याला काही लागलंच नव्हतं. आम्ही बाम चोळला. संध्याकाळी घामाने ओलाचिंब, चक्कर, पोट ताठ. आत प्लीहा, म्हणजे जुनी माणसं पाणथरी म्हणतात ती, फाटून रक्त चाललं होतं आणि ती कळ खांद्यावर उमटत होती. ऑपरेशन वेळेत झालं म्हणून माणूस आज आहे. डावीकडे खालच्या बरगड्यांमागे पाणथरी, उजवीकडे यकृत, एवढं तरी डोक्यात ठेवा. दम लागतोय, थुंकीत रक्त, पोटात किंवा खांद्यात कळ, चक्कर, नाहीतर दोन-चार दिवसांनी ताप, यातलं काहीही असलं तर सकाळची वाट न बघता निघायचं. गाडीने जोरात आपटलं असेल किंवा घरातलं म्हातारं माणूस पडलं असेल तर यातलं काही नसलं तरी दाखवायचंच, म्हाताऱ्यांची हाडं नुसत्या खोकल्यानेही तडकतात.

म्हणून आपल्याला विनंती, हंडीच्या, अपघाताच्या बातमीत 'किरकोळ मुका मार, घरी सोडलं' असं छापता तिथे त्याच चौकटीत एक ओळ जास्त टाका, दम लागला, खांदा किंवा पोट दुखलं, ताप आला तर परत या. त्या पोरांना दवाखान्यात कोणी सांगितलंही असेल, पण ढोलताशांच्या नादात ऐकतंय कोण, पेपरात स्वतःचं नाव आलंय म्हणून कात्रण मात्र नक्की जपून ठेवतील.

माझं म्हणाल तर आता तिन्ही चेंडू वर जातात. पायरीवर ब्लिचिंग यंदा मृगाच्या आधीच मारलं.

आपला,
एक निवृत्त वाहक, संगमेश्वर तालुका